पाऊण इंचाची चाळ

आमच्या अण्णांना आगगाडीचं वेड होतं असं कुणी म्हणालं की मला अजून राग येतो. वेड कसलं? वेड लागलेला माणूस रोज सव्वानऊला टोपी चढवून, डबा घेऊन ऑफिसला जातो का? अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पातळ कापड पसरायचं आणि त्याच्या रेघेवर शाईनं रेघ ओढायची, हे त्यांचं काम. स्वतःची एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. पंचवीस वर्षं हेच. त्यांचा एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा जाताना त्यांना एक खोकं देऊन गेला. त्यात चावीचं हिरवं इंजिन, तीन डबे, रुळांचे तुकडे आणि एक इंग्रजी पुस्तिका. ते खोकं कित्येक वर्षं माळ्यावर धूळ खात पडलं होतं. मी अकरा वर्षांची असताना एका रविवारी अण्णांनी ते खाली काढलं. नसतं काढलं तर बरं झालं असतं, असं आई पुढं जन्मभर म्हणत राहिली.

गिरगावात तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. चाळीचं तोंड गल्लीकडे आणि पाठ रेल्वेकडे. पाठीमागे आधी हाउसगल्ली, मग रेल्वेची भिंत, मग रूळ. हाउसगल्ली म्हणजे चाळीच्या मागची ती अरुंद, ओली, काळोखी पट्टी; वरून लोक केरापासून माशांच्या काट्यांपर्यंत काय वाटेल ते तिच्यात टाकत. मागच्या खोलीची खिडकी आम्ही वासामुळे बंदच ठेवायचो. गाडी गेली की ती बंद खिडकी थरथरायची आणि मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून वाजायची. आई भाकरी थापत असली तर थांबायची, गाडी गेली की पुन्हा थापायची. तिला विचारलं तर म्हणायची, "मी कुठे थांबते?" त्याच खोलीत कॉटच्या वर अण्णांनी भिंतीला बिजागऱ्या मारून एक फळी बसवली. सहा फूट लांब, नऊ इंच रुंद. काम झालं की वर दुमडून आकडी लावायची. तिच्यावर रूळ. गोल फिरायला जागाच नव्हती, म्हणून गाडी नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. मग इंजिन उचलायचं आणि दुसऱ्या बाजूला जोडायचं. दादा, माझा मोठा भाऊ, तेव्हा कॉलेजात होता. तो हसायचा. म्हणायचा, "अण्णा, तुमची गाडी पण तुमच्या नोकरीसारखीच आहे."

पण रुळांच्या मागे काय? तर आमची पोपडे धरलेली भिंत. अण्णांना ते बघवेना. पुस्तिकेत लिहिलं होतं की जागा कमी असेल तर अख्खी घरं करू नयेत, घरांच्या नुसत्या पाठी कराव्यात, पाऊण इंच जाडीच्या, आणि त्या भिंतीला चिकटवाव्यात. आगगाडीला नाहीतरी घरांच्या पाठीच दिसतात. शेजारी चित्र होतं. लाल विटांच्या भिंती आणि धुराड्यांच्या रांगा. तयार मिळतात का ते बघायला अण्णा मला घेऊन फोर्टातल्या खेळण्यांच्या दोन दुकानांत गेले. एका दुकानदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आगे का दरवाजा नहीं, खाली पीछू का खिडकी? ऐसा घर कौन बनायेगा, सेठ?" बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "बरंच झालं. मिळाली असती तर धुराड्यांची मिळाली असती. आपल्याकडे धुराडं आहे कुणाच्या घराला? सुमे, आपण आपल्या पाठी शोधू."

मग आमचे रविवार सुरू झाले. सकाळी कांदेपोहे खाऊन आम्ही निघायचो. अण्णांच्या खिशात पेन्सिल, फूटपट्टी, खोडरबर. माझ्या खांद्याला पिशवी आणि पिशवीत ती वही, काळ्या पुठ्ठ्याची, कोऱ्या जाड कागदांची. चर्नी रोडच्या आणि ग्रँट रोडच्या पुलांवर आम्ही तासन् तास उभे राहिलो. मला तोवर ठाऊकच नव्हतं की घराला पाठ असते आणि ती तोंडापेक्षा इतकी वेगळी असते. पुढून नक्षीचे कठडे आणि नावाची पाटी, तेच घर मागून पाहिलं तर गळके नळ, दोरीवरचे परकर, पत्रे ठोकून झाकलेल्या मोऱ्या, भिंतीतून उगवलेला पिंपळ. अण्णांना यातलं काहीच वाईट दिसत नव्हतं. ते खिडक्या मोजायचे. आणि प्रत्येक चाळीच्या पाठीला असायचा तो लोखंडी गोल जिना. सफाई कामगारांनी घरातून न जाता संडासांपर्यंत यावं म्हणून बांधलेला. त्या जिन्याला आमच्यातलं कुणी हात लावायचं नाही. चेंडू त्याच्यावर पडला तर चेंडू गेला समजायचं. आज सांगताना लाज वाटते, पण आम्ही तसेच वागलो आणि तेव्हा लाज वाटलीही नाही. अण्णा मला त्या जिन्याच्या पायऱ्या मोजायला लावायचे. मी एका चाळीच्या अठरा सांगितल्या, तर म्हणाले, "परत मोज." एकोणीस निघाल्या. "एक पायरी चुकली तर माणूस पडतो," असं म्हणून त्यांनी एकोणीस रेघा काढल्या.

घरं करताना घरातलं काय काय गेलं ते विचारू नका. बुटांची खोकी, आईच्या मोडक्या कंगव्याचे दात कठड्यांना, खराट्याच्या हिरांचे नळ, शिवणाच्या दोऱ्याच्या वलण्या. वलणीवर कागदाची चिमुकली धोतरं आणि लुगडी. पण भिंतीला लावली की ती घरं सपाट दिसायची, चित्रं डकवल्यासारखी. म्हणून अण्णांनी लालबागचा गोविंदमामा शोधला. तो आमचा मामा नव्हे. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा आणि गणपतीच्या आधी दोन महिने मखरं आणि देखावे करायचा. त्याच्या खोलीबाहेरच्या पडवीत बायका मिरच्या कुटायच्या, त्या तिखटाचा खाट यायचा, आम्ही शिंकत शिंकत बसायचो. त्यानं आमचं घर हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "नुसती पाठ? बरा आसा की! देखाव्यात सगळाच तसा असता. म्होरसून राजवाडो, मागसून बांबू." मग दिव्याची काजळी बोटावर घेऊन त्यानं सज्ज्याखाली एक पट्टा ओढला. "सावळी घाल हय. सावळेन घर पुढे येता." आणि खरंच, सज्जा भिंतीतून बाहेर आला. अण्णा लहान मुलासारखे हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

याच दिवसांत बाहेर सगळं पेटलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, मोर्चे, हरताळ, मधेच कर्फ्यू. खिडकी उघडली की अश्रुधुराचा वास. आई ओल्या फडक्यानं आमचे डोळे पुसायची. दादा दिवसचे दिवस घरी नसायचा. तो आणि त्याचा जिवलग मित्र मधू पत्रकं वाटायचे. अण्णा सरकारी नोकर. सभेला जायची बंदी, आणि मुळात स्वभावच भित्रा. जेवताना दोघांची रोज जुंपायची. "तुम्हाला महाराष्ट्र नको आहे का?" दादा विचारायचा. अण्णा ताकभात कालवत म्हणायचे, "मला महिन्याअखेर रेशन हवं आहे." दादा ताटावरून उठायचा. पण एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. पोलीस मागे लागले की मुलं रेल्वेच्या भिंतीवरून हाउसगल्लीत उड्या टाकत आणि आमच्या त्या लोखंडी जिन्यानं वर येऊन चाळीत नाहीशी होत. ज्या जिन्याला आम्ही शिवत नव्हतो, त्याच जिन्यानं आमची मुलं जिवंत घरी येत होती. कुठल्याच पोलिसाच्या डोक्यात येणार नाही की बामण-परभूंची पोरं तिथून चढतील.

शेवटची पाठ राहिली होती आमच्याच चाळीची. ती बघायला रुळांच्या पलीकडे जावं लागलं. समुद्राच्या बाजूच्या फुटपाथवर उभं राहून अण्णांनी तीन रविवार ती काढली. आमची बंद खिडकी, आईचं हिरवं लुगडं, तात्यांच्या सज्ज्यातली तुळस. तात्या म्हणजे चाळीतले वडीलधारे. भांडणं त्यांच्याकडे मिटायची, चाळीचा गणपती त्यांच्या हातून बसायचा. पुठ्ठ्याची चाळ तयार झाली तेव्हा मी बारकाईनं पाहिली आणि ओरडलेच, "अण्णा, जिना राहिला!"

"राहू दे," ते म्हणाले.

"पण बाकी सगळ्यांना केलाय. एकोणीस पायऱ्यांसकट!"

"गाडीतनं दिसत नाही तो," एवढं म्हणून ते सरसाची वाटी धुवायला मोरीवर गेले. मला ते पटलं नाही. मला वाटलं, म्हातारे झाले, कंटाळले.

ती चाळ घेऊन आम्ही सावल्या घालून घ्यायला लालबागला गेलो. गोविंदमामानं काजळी लावली, मला गावाकडचा खटखटा लाडू दिला, "खा गो चेडवा, घट आसा, दात सांभाळ" म्हणाला. तेवढ्यात रस्त्यावर धावाधाव सुरू झाली. दुकानांची फळकुटं खडाखड लागली. ट्रामा बंद. अण्णांनी चाळ कोटाच्या आत धरली, दुसऱ्या हातात माझं मनगट, आणि आम्ही लालबागहून गिरगावपर्यंत चालत आलो. नाक्यानाक्यावर पोलिसांच्या गाड्या. एके ठिकाणी गर्दीचा लोट आला आणि माझी पिशवी कुणाच्या तरी कोपरात अडकून ओढली गेली. घरी आल्यावर मी मोरीत जाऊन पिशवी उलटी केली. पाण्याची बाटली होती. वही नव्हती. मी कुणाला काहीच बोलले नाही. अण्णांनी विचारलं नाही, कारण काढायचं आता काही उरलं नव्हतं. आमची चाळ त्यांनी फळीवर शेवटच्या जागी चिकटवली. मी रोज ठरवायची की उद्या सांगीन.

पुढच्याच आठवड्यात ते झालं. मुलं हाउसगल्लीत उतरली तेव्हा पोलीस आधीच जिन्याच्या वरच्या टोकाशी, चाळीच्या आतल्या अंगाला उभे होते. चार जणांना धरलं. त्या झटापटीत मधू जिन्यावरून खाली पडला आणि त्याचा उजवा हात कोपरातून मोडला. तो हात पुढं कधीच सरळ झाला नाही. मागच्या खोलीत बसून मी तो लोखंडाचा आवाज ऐकला. आईनं माझे कान दाबून धरले होते, तरी ऐकला.

पोलिसांना जिना कुणी सांगितला ते आजतागायत कळलेलं नाही. कदाचित कुणीच नसेल सांगितला. एवढा मोठा जिना, तो काय अदृश्य होता? पण चाळीला माणूस हवा होता. आणि चाळीत असा माणूस एकच होता, सरकारी नोकर, मोर्च्याला न येणारा, आणि महिनोन् महिने वही घेऊन चाळींच्या पाठी, खिडक्या, पायऱ्या मोजत फिरणारा. सगळ्यांनी आम्हाला पुलावर पाहिलं होतं. तेव्हा ते हसले होते, आता कुणी हसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या आमच्याकडे आले, मागोमाग दादा. तात्या खुर्चीवर बसले नाहीत. "अण्णा, गैरसमज नको," ते म्हणाले, "पण तुमची ती वही जरा दाखवता का? लोकांची तोंडं बंद होतील."

"दाखवतो की, त्यात काय," अण्णा म्हणाले. त्यांनी कपाट उघडलं. मग टेबलाचा खण. मग खुंटीवरची माझी पिशवी काढली, आत हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला होता देव जाणे. माझ्या डोक्यात एकच होतं की वही पोलिसांना सापडली आणि मधूचा हात मी मोडला. अण्णांनी पिशवी परत खुंटीला लावली. नीट लावली, बंद सरळ करून.

"वही मी जाळली," ते म्हणाले.

"जाळली? का?"

"काम संपलं होतं."

तात्यांनी टोपी सारखी केली. "बरं," म्हणाले आणि गेले. दादा गेला नाही. तो फळीला टेकून उभा होता. "अण्णा," त्याचा आवाज फाटला होता, "कुणाला दाखवली होती ते तरी सांगा." अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली, आणि मीही काही बोलले नाही. अकरा वर्षांची होते हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आले. आता ऐंशी ओलांडल्यावर ते कारण देववत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला बोलता येतं. मी भित्री होते, अण्णांसारखीच. फक्त त्या संध्याकाळी अण्णा भित्रे नव्हते.

दादा त्याच रात्री दादरला एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला. चाळीनं आम्हाला वाळीत टाकलं असं म्हणता येणार नाही, तसं कुणी उघड काही केलं नाही. आई नळावर गेली की बायका बोलायच्या थांबत, एवढंच. गणपतीत मखराचं चित्र दरवर्षी अण्णा काढून द्यायचे. त्या वर्षी कुणी बोलवायला आलं नाही. अण्णा आरतीच्या वेळी धुतलेला सदरा घालून कॉटवर बसले होते. टाळ्या, झांजा सगळं ऐकू येत होतं. आरती संपली, प्रसाद वाटल्याचा गलका झाला, तो गलका पुढच्या जिन्यानं खाली गेला. मग अण्णांनी सदरा काढून घडी केला. फळी त्यांनी वर दुमडून आकडी लावली ती पुन्हा उघडली नाही. पुढं महाराष्ट्र झाला. रोषणाई झाली, सगळ्या चाळीत पेढे वाटले गेले. आई म्हणाली, "अहो, आपण आणूया का थोडे?" अण्णा म्हणाले, "आणायला हवेत. आपलाही झाला आहे." त्यांनी स्वतः जाऊन आणले, देवापुढं ठेवले, एक मला दिला. दुसऱ्या वर्षी थंडीत ते गेले. न्यूमोनिया, चार दिवसांत. दादा आला तेव्हा अण्णांचं बोलणं थांबलं होतं.

तेराव्यानंतर आठवड्याभरानं गोविंदमामा दारात उभा राहिला. चार वर्षांत खूप थकला होता. मधली वर्षं आजारपणात गावी काढली होती. अण्णा गेल्याचं त्याला इथं आल्यावरच कळलं. तो उंबऱ्यावरच बसला आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. "त्या गडबडीच्या दिसा चेडवान माझ्या खोलयेतल्या फळीर ठेवल्यान आणि गेली. मी नमुन्यांच्या ट्रंकेत घातलंय, सांभाळून. मगे गावाक गेलंय. आता खोली खाली करताना गावली." वही जशीच्या तशी होती. ती कुठल्याच पोलिसाच्या हातात कधी पडली नव्हती. ती चार वर्षं लालबागला एका ट्रंकेत होती आणि मी रोज रात्री मधूचा हात आठवत झोपत होते.

दादा घरीच होता. गोविंदमामा गेल्यावर मी वही त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. वही मी विसरले, मी बोलले नाही, अण्णांनी माझं तोंड बघून जाळली म्हणून सांगितलं. दादा पानं उलटत होता. प्रत्येक चाळ, प्रत्येक जिना, प्रत्येक पायरी. शेवटच्या पानावर तो थांबला. आमची चाळ होती; खिडकी, लुगडं, तुळस, आणि डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक पांढरट पट्टा. तिथं खोडरबर इतका घासला होता की कागद झिरझिरीत झाला होता. दादानं पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं. पेन्सिल गेली होती, पण तिचे दाब राहिले होते. तो बोट ठेवत ठेवत मोजत गेला. एकोणीस. जन्मभर दुसऱ्याच्या रेघेवर रेघ ओढणाऱ्या, एक कमी न करणाऱ्या माणसानं आपल्या हातानं एकोणीस रेघा खोडल्या होत्या.

"तात्यांना दाखवली पाहिजे," दादा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"तात्या मागच्या वर्षी गेले," मी म्हटलं. "मधू इंदूरला असतो म्हणे."

आई चुलीपाशी होती. गाडी जात होती म्हणून तिचा हात थांबला होता. दादा उठला आणि त्यानं भिंतीवरची आकडी काढली. फळी खाली आली. बिजागऱ्या गंजल्या होत्या, कुरकुरल्या. धुळीत सगळं तसंच होतं, रूळ, हिरवं इंजिन, घरांच्या पाठी. शेवटच्या जागी आमची चाळ, काजळीच्या सावल्यांसकट, आणि तिला जिना नव्हता. दादानं धुळीवरून हात फिरवला.

"हे तेव्हाही इथंच होतं?" त्यानं विचारलं.

"इथंच होतं," मी म्हटलं. "तू याच फळीला टेकून उभा होतास."